गच्चीवर ओतलेल्या चार बादल्या
काल रात्री हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला उतरलो. होटगी रोडकडचं आमचं छोटं घर वर्षभर बंदच असतं; आम्ही येतो ते सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. यंदा पावसात गच्ची गळली, मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. बाबांनी पै-पै जोडून बांधलेलं घर. बघून पोटात कालवलं.

आज दुरुस्तीचं काम बघायला तीन जण येऊन गेले. पहिल्याने जिना न चढताच आकडा सांगितला, वर निम्मी उचल मागितली. दुसरे फोनवरच बोलत राहिले. तिसरे मिस्त्रीमामा मात्र बोटांनी गिलावा वाजवत घरभर फिरले, पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली मारत. मग गच्चीवर चार बादल्या पाणी ओतलं आणि ते कुठे थांबतंय ते बघत बसले.

"उतार उलटा हाय बगा. वरनं नुसता हात मारून काय उपयोग? जुना कोबा, म्हंजे गच्चीवरचा पाणी अडवायचा थर, काढावा लागतोय."

भेगेचं कारण खालची काळी माती. पावसात फुगते, उन्हात आकसते, पाया हलतो. भेग बुजवण्याआधी पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब काढा, म्हणाले.

नवा कोबा निदान ७ दिवस ओला ठेवायचा, आणि आम्ही परवा निघणार! शेजारच्या काकू म्हणाल्या, "किल्ली ठेवून जा, मी बघते." भरून आलं हो.

दर, सिमेंट कोण आणणार, सगळं कागदावर लिहिलं. पैसे तीन टप्प्यांत. शेवटचा, गच्चीवर पाणी साठवून बघितल्यावर. ही अट मामांनीच सुचवली. सोमवारी काम सुरू.