खवल्या अखेर उलटा धावला: लूप प्रकरण मिटलं

लूप सुटला! इंदूरजवळच्या पाताळपाणीवर बेतलेल्या पाताळपाणी झोनच्या पहिल्याच वळणावरचा तो लूप, म्हणजे पूर्ण गोल फिरणारा रस्ता, माझ्या गेमचा हिरो खवल्या (खवले मांजर) आता पाय वर, डोकं खाली करून पूर्ण फिरतो, पलीकडे बाहेर पडतो आणि उतार लागला की अंगाची गुंडाळी करून सुसाट सुटतो. मागच्या अपडेटमध्ये मी वैतागून लिहिलं होतं की लूप काढून तिथे साधी कमान ठेवणार. ती कमान रद्द.

जिथे थांबलो होतो तिथून सांगतो. सहा सेन्सर (पात्राभोवती जमीन-भिंत चाचपणाऱ्या अदृश्य रेघा), चार मोड (जमीन, उजवी भिंत, छत, डावी भिंत), १६ बाय १६ पिक्सेलच्या टाइल, प्रत्येक टाइलला उंचीचा ॲरे आणि एक कोन, हे सगळं लागलेलं होतं. आकडे सेगाच्या १९९१ च्या मूळ सॉनिक गेमचेच घेतलेत, पिक्सेलमध्ये (फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग): प्रवेग दर फ्रेमला ०.०४६८७५, धावण्याचा कमाल वेग ६, गुरुत्वाकर्षण ०.२१८७५, उडीचा जोर ६.५. सपाटीवर खवल्याला पूर्ण वेग पकडायला १२८ फ्रेम लागतात, म्हणजे दोन सेकंदांच्या जरा वर. उडीचं टोक अर्ध्या सेकंदात येतं आणि तेवढ्यात तो साधारण सहा टाइल वर जातो. एका बाजूला एम्युलेटरवर सॉनिकची पहिली पातळी ग्रीन हिल आणि दुसऱ्या बाजूला माझी खिडकी लावून पाहिलं, दोन्ही उड्या एकाच फ्रेमला जमिनीवर टेकतात. हे बघायला काय मजा येते ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

अडलं होतं ते फक्त लूपच्या माथ्यावर. उजव्या भिंतीच्या मोडमधून छताच्या मोडमध्ये जाताना खवल्या मध्येच सुटायचा आणि धप्पकन खाली. तेही कधीकधी! दरवेळी पडला असता तर एका संध्याकाळीत काम झालं असतं. एका वेगाने आत शिरला तर झकास पार, त्याहून किंचित जास्त वेगाने शिरला तर पडला, आणखी जरा वाढवला की पुन्हा पार.

त्यातून डोकेदुखी अशी की पडणं हा खेळाचा नियमच आहे. तीव्र चढावर वेग २.५ च्या खाली गेला की पात्र भिंत सोडतं आणि पुढच्या ३० फ्रेम डावं-उजवं बटण चालत नाही. डोळ्यांना माझा बिघाड आणि हा नियम अगदी सारखे दिसायचे. म्हणून पहिला संशय तिथेच. दर फ्रेमचा वेग छापून पाहिला तर माथ्यावर तो ५ च्या वर होता आणि ३० फ्रेमचा काउंटर शून्यावर. म्हणजे नियमाने पडत नव्हता.

दुसरा संशय गेमपॅडवर, आणि त्यात आठवडा वाया गेला. जेलरोडवरच्या एका दुकानातून स्वस्तातला पॅड उचलला होता. त्याचा डी-पॅड (दिशांची बटणं) असा की उजवं दाबलं की अंगठ्याच्या जराशा कलाने खालचंही लागतं. त्यामुळे लूपमध्ये शिरतानाच खवल्या मध्येच गुंडाळी करायचा, आणि गुंडाळीत उताराचा हिशोब वेगळा: चढताना ०.०७८१२५, उतरताना ०.३१२५. सगळे लॉग त्याने गढूळ केले. रिपेअरवाल्याने उघडून एकदाच बघितलं आणि म्हणाला, "भिया, ये तो खिलौना है." पण माणूस गुणी. रबराखालच्या पट्टीवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून दिले, तेव्हापासून तिरकं लागणं जवळपास बंद आहे. तरी कुणी विचारलं तर माझं मत एकच: प्लॅटफॉर्मर बनवायचा असेल तर खाण्यापिण्यात काटकसर करा, डी-पॅडमध्ये नको. मी आता एटबिटडू कंपनीचा पॅड वापरतोय आणि खूश आहे.

पॅड सुधारला, खवल्या पडतच राहिला.

मग सेन्सरची पोच. पहिल्या सॉनिकमध्ये जमीन १४ पिक्सेलपर्यंत दूर असली तरी पात्र तिला चिकटतं. दुसऱ्या भागापासून हा आकडा वेगावर ठरतो: वेग अधिक ४, पण १४ च्या वर नाही. दोन्ही पद्धती लावून पाहिल्या, फरक शून्य. मग दुसऱ्या भागातली आणखी एक युक्ती आणली: नव्या टाइलचा कोन आत्ताच्या कोनापेक्षा ४५ अंशांहून जास्त वेगळा निघाला तर तो मानायचाच नाही, जवळचा काटकोन घ्यायचा. याने पडणं बरंच कमी झालं. पण ताप उतरला तरी दुखणं तसंच, असा प्रकार होता. मुळात गोलाच्या माथ्यावर ४५ अंशांची उडी मारणारा कोन येतोच कुठून?

धागा हाती लागला तो भाचीमुळे. आमच्याकडे टेस्टिंग खातं तिच्याकडे आहे. टाइल्ड (नकाशे आखायचं सॉफ्टवेअर) उघडून तिने माझा लूप जसाच्या तसा कॉपी केला आणि खाली दरीत, धबधब्याशेजारी ठेवला, का तर तिथे छान दिसतो. वर मला म्हणते, "मामा, माझ्या लूपमध्ये तुझं मांजर पडतच नाही." मला वाटलं गंमत करतेय. बघतो तर खरंच. त्याच टाइल, तेच कोन, तेच वेग, आणि एकदाही नाही पडला!

दोन्ही लूपमध्ये फरक एकच: जागा. पाताळपाणी झोन आखताना मी रेल्वेचा रूळ हा शून्य धरला होता. रुळाच्या खाली दरी, तिथे वाय, म्हणजे उभ्या दिशेचा आकडा, पॉझिटिव्ह. रुळाच्या वर डोंगर, तिथे वाय निगेटिव्ह. माझ्या लूपचा पाया रुळावर आणि माथा पूर्ण निगेटिव्हमध्ये. भाचीचा लूप आख्खा शून्याच्या खाली.

मग फ्रेम एकेक पुढे सरकवत, सेन्सरच्या रेघा रंगवून बसलो. ज्या फ्रेमला पडायचा तिथे सेन्सरचं टोक −१६.४ वर. हा पिक्सेल कुठला? आकडा खालच्या पूर्णांकावर उतरवला तर −१७, म्हणजे रुळापासून वर दुसरी टाइल. पण जीडीस्क्रिप्टचं (गोडो इंजिनची भाषा) इंट दशांश नुसता छाटतं, शून्याकडे. म्हणजे −१६, आणि तो पिक्सेल शेजारच्या टाइलचा. पॉझिटिव्हमध्ये छाटणं आणि खाली उतरवणं एकच, निगेटिव्हमध्ये मात्र एका पिक्सेलचा फरक. टाइलच्या पोटात असताना तो एक पिक्सेल कुणाच्या लक्षातही येत नाही. पण सेन्सर नेमका शिवणीवर आला की भलत्या टाइलचा कोन उचलला जायचा, त्या कोनाने मोड बदलायचा, पुढच्या फ्रेमला सेन्सर भलत्याच दिशेला जमीन शोधायचे, तिथे हवा, आणि खवल्या खाली. कुठल्या वेगाला पडेल हे शिवणीवर फ्रेम येते की नाही यावर ठरायचं, म्हणून तो लहरीपणा.

यातही एक चोरवाट होती, तिने हे इतके दिवस झाकून ठेवलं. टाइलच्या आतला पिक्सेल काढायला मी १६ ने भागून बाकी घेतो. निगेटिव्ह आकड्याची बाकीही निगेटिव्ह येते, समजा −५. आता ॲरेत −५ मागितलं तर खरं म्हणजे बोंब व्हायला हवी. पण जीडीस्क्रिप्टमध्ये निगेटिव्ह क्रमांक म्हणजे शेवटून मोजा. १६ च्या ॲरेत शेवटून पाचवा म्हणजे ११, आणि हवा होता तोही ११च! एरर येणार तरी कसा?

मूळ सॉनिक ज्यावर चालायचा त्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे जागेचा आकडा दोन भागांत ठेवतात, १६ बिट पिक्सेल आणि १६ बिट त्याखालचा अपूर्णांक. पिक्सेल हवा तर वरचा भाग उचलायचा, तो आपोआप खालीच उतरलेला असतो. तिथल्या ६८००० प्रोसेसरवर वेळ वाचवायला केलेली मांडणी, पण काय चोख बसते.

इंटच्या जागी फ्लोअर (नेहमी खाली उतरवणारं) घातलं, बाकीसाठी पॉझमॉड (बाकी नेहमी पॉझिटिव्ह देणारं) घातलं, आणि पडणं बंद. खात्रीसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहून रात्रभर पीसीला धावायला लावलं: वेग ६ पासून १२ पर्यंत, दर टप्प्याला १/२५६ ने वाढवत, दोन्ही लूपमध्ये. सकाळी पोहे-जिलेबी घेऊन येऊन लॉग पाहिला तर एकही 'पडला' नाही. पोह्यांवरचा जिरावण मसाला जरा जास्तच भुरभुरलं त्या दिवशी.

एका पिक्सेलसाठी एवढा जीव का काढायचा, असं घरात विचारून झालंय. उत्तर सॉनिक ४ चा पहिला भाग. २०१० मध्ये सेगाने मालिका परत टूडीत आणली, नावातच चौथा आकडा घालून, म्हणजे १९९४ नंतरचा थेट पुढचा भाग असल्याच्या थाटात. चित्रं चकचकीत, पातळ्या ओळखीच्या, आणि हातात घेतल्यावर काहीतरी मेलेलं. बटण सोडलं की गडी जागीच थिजतो, उभ्या भिंतीवर निवांत उभा राहतो, उतारावरून उडाला की हवेतच गुंडाळी सोडतो. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सॉनिक मेनिया आला, तो ख्रिश्चन व्हाइटहेड, हेडकॅनन आणि पॅगोडावेस्ट यांचा. ही चाहत्यांमधूनच आलेली मंडळी. व्हाइटहेडने आपलं रेट्रो इंजिन आधी २०११ च्या सॉनिक सीडीत सिद्ध केलं होतं. लोक मेनियाच्या पिक्सेल चित्रांचं कौतुक करतात, ती आहेतच सुंदर. पण माझ्या मते मालिका टूडीत खरी परतली ती उतारावर, बटण सोडल्यानंतरच्या त्या घसरत जाण्यात. २०२३ च्या सॉनिक सुपरस्टार्सने चित्रं थ्रीडी ठेवली, तरी चाल बरोबर पकडली, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत घरी आल्यासारखं वाटतं. (बॉस मात्र फार लांबवलेत. एक घाव घालायचा आणि ताटकळत बसायचं.)

आणि ज्यांनी लहानपणी टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवर 'सोमारी' खेळलाय, म्हणजे सॉनिकच्या पातळ्यांत घुसवलेला मारिओ, त्यांना तर चित्रं ढापता येतात, चाल ढापता येत नाही, हे केव्हाच कळलंय.

आता पुढचं. ठरलं होतं की सगळे आकडे अपूर्णांकातून काढून २५६ च्या पटीत पूर्णांक करायचे. गुरुत्वाकर्षण ५६, प्रवेग १२, उडी १६६४, सगळं सुटसुटीत. सुरुवातही केली. पण पूर्णांकाचा भागाकारही शून्याकडेच छाटतो, −३०० भागिले २५६ म्हणजे −१. पुन्हा तेच गाडं. त्यापेक्षा आख्खा नकाशाच खाली-उजवीकडे सरकवतो, म्हणजे निगेटिव्ह भानगडच नको. मूळ खेळांतही पातळी वरच्या डाव्या कोपऱ्यातून शून्यापासून सुरू होते, ते उगीच नाही. टाइल्डचा अनंत नकाशा बंद करून ठराविक मापाचा केला की झालं. टाइल्डवर माझा राग नाही, फुकटात याहून चांगलं काही मिळत नाही. फक्त टाइलचा कोन हाताने एकेक भरावा लागतो, त्याचा कंटाळा येतो.

जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीवर चालवायचा बेत तूर्त बासनात. एचडीएमआयची एव्ही करणाऱ्या स्वस्त डब्या ४८०आय सिग्नल (एकाआड एक रेघा दाखवणारा) सोडतात, जुन्या कन्सोलसारखा २४०पी नाही, आणि खवल्याच्या खवल्यांच्या आडव्या रेघा अशा लवलवतात की डोळे दुखतात. तोवर मॉनिटरवर ४२४ बाय २४० पिक्सेल, मेनियासारखंच.

यानंतर सराफा झोन घ्यायचा होता, रात्रीच्या दिव्यांचा. पण हे लिहिता लिहिताच एक सुचलंय. लूपमध्ये डावी आणि उजवी भिंत एकाच वेळी आड येऊ नयेत म्हणून टक्कर तपासायचे दोन थर आणि मध्ये थर बदलणारी अदृश्य रेघ मी आधीच बसवलीय, दुसऱ्या सॉनिकसारखी. तीच रेघ बोगद्याच्या तोंडाशी लावली तर? डोंगरावरून धावलात तर वरचा थर, बोगद्यात शिरलात तर आतला, दोन्ही रस्ते एकाच जागेवर. पाताळपाणी ते कालाकुंड मीटर गेजवर बोगदे आहेतच, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये तिथे हेरिटेज ट्रेन सुरू झाली. ती गाडी आत घालून खवल्याला तिच्या टपावरून पळवता येईल. सराफा थांबेल.

अडचण एकच दिसतेय: चालत्या टपावर असताना थर बदलला तर टप कुठल्या थरात धरायचा? गाडीला दोन्ही थरांत ठेवलं तर वरून धावणारा खवल्या बोगद्यातल्या टपाला अडकेल. सध्या डोक्यात असं आहे की गाडीने थर स्वतःजवळ ठेवायचा आणि टपावर चढणाऱ्याला तो द्यायचा, उतरला की परत घ्यायचा. कुणी सरकत्या प्लॅटफॉर्मवर असं केलं असेल तर सांगा, नाहीतर शनिवारी सुरुवात करतोच आहे.