झेरॉक्सवाल्या काकांची तार

आज लेकीच्या ॲडमिशनचे कागद झेरॉक्स करायला गेले, तर प्रत्येक पानावर उभी काळी रेघ. दाखल्यावरचं आडनाव अर्धं गिळलेलं! काकांनी मशीनचं पोट उघडलं, आतली केसासारखी बारीक तार कापसाच्या बोळ्याने पुसली आणि रेघ गायब. "ही मळली की हिचे नखरे सुरू," एवढंच म्हणाले.

ती कोरोना तार. (हो, नाव तेच. काय करणार!) तिला चढ्या दाबाची वीज दिली की ड्रमवर (पानाची प्रतिमा जिच्यावर उमटते त्या फिरत्या गोल पिंपावर) सगळीकडे सारखा विद्युतभार बसतो. 22 ऑक्टोबर 1938 ला न्यूयॉर्कच्या ॲस्टोरियात ही झेरॉक्सची पद्धत शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनकडे असलं काही नव्हतं. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा चक्क रुमालाने घासून त्यावर भार आणला, तारीख आणि गाव लिहिलेली काच वर ठेवून दिवा लावला, उजेड पडला तिथला भार गेला, मग पूड भुरभुरली. अक्षरं उमटली! पण रुमाल घासून किती प्रती निघणार?

पुढे बॅटेल या अमेरिकन संशोधन संस्थेत गंधकाऐवजी सेलेनियम आलं, ही तार आली आणि मण्यांची युक्ती आली. मला तर मण्यांचंच कौतुक. घासल्या गेल्यामुळे टोनर (अक्षरं उमटवणारी पूड) बारीक मण्यांना चिकटून येतो, पण ड्रमवरच्या अक्षराच्या भाराची ओढ जास्त, की मण्याला सोडून तिकडे पळतो.

1959 चं झेरॉक्स 914 कधीकधी कागदच पेटवायचं, म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं द्यायचे. काकांना सांगितलं तर हसले, "आमचं नुसतं तापतं हो." रेघवाल्या पानांचे पैसे मात्र घेतले नाहीत.