अंडं बाहेर आलं, पण चिमीचे पाय गेले

"डॉक्टर, हिचं अंडं अडकलंय बहुतेक," असं म्हणत काकूंनी पिंजरा टेबलावर ठेवला. अंडं अडकलेलं नव्हतं, ते आदल्या रात्रीच बाहेर पडलं होतं. पण तेव्हापासून चिमी, त्यांची कॉकटील म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट, दांडीवर चढलीच नव्हती. पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून ती तळाशी बसली होती आणि दर श्वासाला तिची शेपटी खालीवर होत होती. मी तिच्या पायाखाली बोट धरलं. धडधाकट पक्षी बोट लगेच आवळतो. चिमीची नखं बोटावरून नुसती घसरली.

वजन भरलं ७४ ग्रॅम. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं.

"या वेळी किती अंडी झाली?"

"अकरा. घरात नर नाही, पिल्लं काही निघायची नाहीत. म्हणून दिसलं की उचलून टाकत होते मी."

सगळं दुखणं इथेच होतं. कॉकटीलची मादी नराशिवायही अंडी घालते, साधारण एक दिवसाआड एक. चार-सहा झाली की थांबते आणि उबवायला बसते. अंडी उचलली, तर तिच्या लेखी घरटं रिकामंच राहतं आणि ती घालतच सुटते. प्रत्येक कवचाला कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही की ते हाडांतून उपसलं जातं. चिमीचं खाणं म्हणजे राळे आणि सूर्यफुलाच्या बिया, दोन्हींत कॅल्शियम नावापुरतं. पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं कॅल्शियमने भरलेलं पांढरं हाड, टांगलेला होता, पण त्याला चोचही लागलेली नव्हती. पिंजरा काचबंद गॅलरीत. ड जीवनसत्त्वासाठी उन्हातले जे किरण लागतात ते काचेतून आत येत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

तपासतानाच तिचे पंख थरथरायला लागले, मान मागे गेली. झटका आला होता. रक्तातलं कॅल्शियम पार उतरलं की स्नायू असे ताब्यात राहत नाहीत. आधी कॅल्शियम ग्लुकोनेटचं पातळ केलेलं इंजेक्शन, कातडीखाली कोमट सलाइन, आणि मग उबेच्या पेटीत ऑक्सिजनवर. अशा पक्ष्याला घाईने एक्स-रेला नेलं तर तो हातातच जाऊ शकतो, म्हणून ती शांत होईपर्यंत मी थांबले. काकू पेटीच्या काचेला हात लावून उभ्या होत्या. त्यांना बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत.

दुपारी एक्स-रे काढला. पोटात दुसरं अंडं नव्हतं, हाड मोडलेलं नव्हतं, पोटात पाणीही दिसत नव्हतं. पण अंड्यांच्या हंगामात मादीची लांब हाडं कॅल्शियम साठवून एक्स-रेत भरीव, पांढरी दिसतात. चिमीची फिकट होती.

संध्याकाळी नळीने अन्नपोटीत, म्हणजे गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत, पातळ खाणं दिलं आणि पुन्हा बोट पुढे केलं. उजव्या पायाची बोटं हळूच वळली. डावा पाय दुसऱ्या दिवशी सकाळी धरायला लागला.

घरी सोडताना मी काकूंना विचारलं, "शेवटचं अंडं टाकलंत का?"

"नाही हो, तिच्या काळजीत ते वाटीतच राहिलंय."

"मग ते परत ठेवा. सोबत त्याच आकाराची प्लास्टिकची चार ठेवा. बसू दे तिला."

त्यांना ते पटेना. आजारी जिवाला आणखी अंड्यांवर कशाला बसवायचं? पण उबवायला बसली की अंडी घालणं थांबतं. तीन आठवड्यांच्या आसपास काही निघत नाही असं दिसलं, की बहुतेक माद्या आपणहून उठतात. बाकीचं मी कागदावर लिहून दिलं: संध्याकाळी लवकर पिंजरा झाकायचा आणि बारा-चौदा तास अंधार ठेवायचा, आरसा काढायचा, पाठीवरून हात फिरवायचा नाही, लाड डोक्यापुरतेच. पाठीवर हात फिरला की मादीला जोडीदार मिळाल्यासारखं वाटतं. हे ऐकून काकूंचा चेहरा उतरला, कारण चिमी रोज रात्री त्यांच्या मांडीवर असायची. बियांच्या जागी हळूहळू पेलेट्स (पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य), शेवग्याचा पाला, आणि मांजर-कावळ्यांपासून सांभाळून सकाळचं थेट ऊन.

एवढं करूनही अंडी सुरूच राहिली असती, तर हार्मोनचं इंजेक्शन हा पुढचा मार्ग होता. तो लागला नाही. चिमी अंड्यांवरून आपणहून उठली आणि पुढच्या तपासणीत ८८ ग्रॅम भरली. समुद्रफेस ती अजून खात नाही, म्हणून काकू तो किसून पाल्यावर भुरभुरवतात.