४९ युरोचा पास, सोलापुरी चादर आणि ओले न झालेले कपडे

२०२४ च्या जुलैत मी जर्मनीत बाल्टिक समुद्रावर एफकेके बीचला जाऊन आले. एफकेके म्हणजे फ्रायक्योर्परकुल्टूर, मोकळ्या शरीराची संस्कृती, म्हणजे सरळ सांगायचं तर असा किनारा जिथे लोक अंगावर काही न घालता पोहतात, वाचतात, डबा खातात, झोपतात. वर्षभर लिहू की नको असं चाललं होतं. आई वाचेल, वाचू दे.

आधी पैशाचं सांगते कारण जाणं ठरलं तेच पैशामुळे. बर्लिनमध्ये आम्ही दोघी रूममेट, ती अकोल्याची, मी वाईची, दोघींची मास्टर्सची फी आणि खोलीचं भाडं गेलं की महिनाअखेरीला हातात काही उरायचं नाही. स्पेन, इटलीचे फोटो बाकीचे टाकायचे, आम्ही बघायचो. पण डॉइचलांडटिकीट दोघींकडे होतं, तेव्हा महिन्याला ४९ युरो (२०२५ च्या जानेवारीपासून ५८ झालं), आणि त्यात देशभरातल्या सगळ्या साध्या गाड्या, बस, मेट्रो चालतात, फक्त आयसीई-आयसीसारख्या लांबच्या फास्ट गाड्या नाहीत. म्हणजे बर्लिनहून आरई ५ ही साधी गाडी पकडायची, अडीच-पावणेतीन तासात रोस्टोक, तिथून एस-बानने, म्हणजे लोकलने, वीसेक मिनिटांत वार्नेम्युंडे, आणि समुद्र. जादा खर्च शून्य. सकाळी लवकरची गाडी घ्या एवढं मात्र सांगते, ऊन पडलं की अर्धं बर्लिन सायकली घेऊन त्याच गाडीत असतं, आम्ही दाराजवळ खाली बसून गेलो.

बीच सुचवला पार्टटाइम जॉबच्या ऑफिसमधल्या बाईंनी. साठीच्या आहेत, मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणते. पूर्व जर्मनीत वाढलेल्या. मी विचारलं की पोहायचा चांगला कॉस्च्यूम स्वस्तात कुठे मिळेल, तर त्या म्हणाल्या, कशाला घेतेस, एफकेकेला जा. ओलं कापड अंगावर घेऊन बाल्टिकच्या वाऱ्यात बसायचं हे त्यांना आजपर्यंत पटलेलं नाही. त्यांच्यासाठी हा विषय तेवढाच होता, ओलं कापड आणि गार वारा. मग त्यांनी जुन्या गोष्टी सांगितल्या, की १९५४ मध्ये त्यांच्या सरकारने किनाऱ्यावर असं पोहायला बंदी करून बघितली, लोक ऐकेनात, तक्रारींवर तक्रारी गेल्या, आणि १९५६ मध्ये रीतसर परवानगी द्यावी लागली. ज्या देशात भिंत बांधून माणसं अडवली तिथे लोकांनी ही एक गोष्ट हट्टानं मिळवली आणि शेवटपर्यंत टिकवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथे परदेशी सुट्टीला जाणं सोपं नव्हतं, पैसाही बेताचा, मग कारखान्यातला कामगार आणि डॉक्टर एकाच वाळूवर, आणि कपडेच नाहीत म्हटल्यावर कोण कोण आहे ते कळणार कसं. एकीकरणानंतर पश्चिमेकडचे लोक सुट्टीला आले आणि त्यांना हे बघून धक्का बसला, त्यावरून बरेच वाद झाले, काही किनारे कपडेवाल्यांकडे गेले. कपडे घालून जायच्या किनाऱ्याला इथे टेक्स्टिलस्ट्रांड म्हणतात, कापडाचा किनारा. मला हा शब्द फार आवडतो.

शनिवारी गेलो. सामान म्हणजे दोन टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, डीएम नावाच्या दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं सनस्क्रीन, घरून आणलेल्या भाजणीची थालीपीठं, लोणचं, आणि माझी सोलापुरी चादर. समुद्रकिनारी वेताच्या मोठ्या खुर्च्या असतात, छप्पर असलेल्या, स्ट्रांडकोर्ब, त्या १८८२ मध्ये रोस्टोकच्याच एका टोपल्या विणणाऱ्यानं संधिवात असलेल्या बाईसाठी पहिल्यांदा बनवल्या. दिवसभराचं भाडं आमच्या हिशोबात बसत नव्हतं. चादर बसली. चार कोपऱ्यांवर बाटल्या आणि चपला ठेवल्या की हलत नाही.

दीपस्तंभाजवळ तुफान गर्दी असते. तिथून पश्चिमेकडे चालत राहायचं, किनाऱ्यावर उतरायच्या वाटांवर पाट्या आहेत त्या बघत जायचं, एफकेके लिहिलेलं आलं की उतरायचं. पाटी दिसली तेव्हा रूममेट म्हणाली, "अगं, तू जा, मी इथं बसते." मग दहा मिनिटं आम्ही दोघी पाटीपाशीच उभ्या. एक सत्तरीचं जोडपं पिशव्या घेऊन आमच्या बाजूनं खाली गेलं, बाजारात भाजी घ्यायला चालल्यासारखं, आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही उतरलो.

पहिला अर्धा तास मी टॉवेल गुंडाळून बसले होते आणि नजर कुठे ठेवायची तेच कळत नव्हतं, म्हणून समुद्राकडे बघत राहिले, डेन्मार्क-स्वीडनला जाणाऱ्या मोठ्या बोटी बंदरातून बाहेर पडत होत्या त्या मोजल्या. मग हळूहळू डोळे सरावले. आणि काय दिसलं सांगू, म्हातारी माणसं. बहुतेक सगळी पन्नास-साठ-सत्तरची. सुटलेली पोटं, ऑपरेशनचे टाके, गुडघ्यावरचे उभे व्रण, एका बाईंना एका बाजूला स्तन नव्हता आणि त्या शब्दकोडं सोडवत होत्या.

मला एकदम आजी आठवली. आदल्या दिवाळीत ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि सुट्टीत तीन आठवडे मी तिला अंघोळ घातली. त्याआधी मी आयुष्यात म्हातारं शरीर पूर्ण बघितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी लाजलो, चौथ्या दिवशी ती म्हणाली पाठ जरा जोरात घास. त्या किनाऱ्यावर बसून मला वाटलं की तो चौथा दिवस इथे सगळ्यांचा आहे. मग टॉवेल बाजूला ठेवला.

पाणी गार, खूप गार, जुलैतही. बाल्टिकचं पाणी आपल्या कोकणासारखं खारट नाही, तोंडात गेलं तर दचकायला होत नाही. पण मला सांगायचंय ते वेगळं. लहानपणी आम्ही वाईहून गणपतीपुळ्याला जायचो, आई, काकू, आत्या सगळ्या नेसल्या साडीनं पाण्यात, साडी फुगायची, पायात अडकायची, एका हातानं निऱ्या आणि एका हातानं पोर धरलेलं. मी पंजाबी ड्रेसमध्ये. बाबा आणि काका चड्डी-बनियनवर लांब पोहत जायचे, बायका गुडघाभर पाण्यात. नंतर ओल्या कपड्यांत आडोसा शोधायचा, तिघींनी चादर धरायची, चौथीनं बदलायचं, आणि तरी वाळू घरी येईपर्यंत अंगाला टोचत राहायची. समुद्र म्हटलं की मला आजवर ते ओलं, जड कापडच आठवायचं. त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला नुसतं पाणी लागलं. मी लांब पोहत गेले, बाबा जायचे तेवढी लांब, आणि तिथे पाठीवर पडून रडले. रूममेटला वाटलं पाय आखडला.

ती स्वतः शेवटपर्यंत टॉवेलमध्येच होती, पाण्यात जाताना तेवढा काढायची. कुणी काही बोललं नाही. पण हे कायम चालेल असं धरू नका, कारण त्याच उन्हाळ्यात रोस्टोकनं नियम काढला की एफकेकेसाठी राखलेल्या भागात कपडे घालून बसणाऱ्यांना उठवता येईल. मला हा नियम योग्य वाटतो, कपड्यांत बसून बघत राहणारी माणसं असली की बाकीच्यांना नकोसं होतं. बाकी रीत साधीच, बसताना खाली टॉवेल, टक लावून बघायचं नाही, आणि फोन पिशवीत. फोटो अजिबात नाही, म्हणूनच या पोस्टला फोटो नाहीत.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नव्हतं असं मात्र नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत होते, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, आणि नग्नतेत लाजण्यासारखं काही नाही हे ते मराठीत छापत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कॉलेजला हे आम्हाला दोन ओळींत शिकवलं होतं, संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून. गोव्यात बीचवर आजही असं काही करायला जाऊ नका, गुन्हा दाखल होतो.

ज्यांना एवढं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी बर्लिनमध्येच ग्रुनेवाल्डच्या जंगलात टॉयफेल्सझे आहे, तळं, फुकट, तिथेही लोक असेच पोहतात. २०२० मध्ये तिथे एका पोहायला आलेल्या माणसाची लॅपटॉपची पिशवी रानडुकरीण घेऊन पळाली होती आणि तो तसाच मागे धावला होता, तेव्हा डबा झाकून ठेवा.

संध्याकाळी आल्टर श्ट्रोमच्या कालव्याजवळ बोटीवरून विकतात तो फिशब्रोटशेन एकच घेतला, पावात हेरिंग आणि कांदा, दोघींत अर्धा अर्धा, हाच दिवसभरातला खर्च. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट परत मिळाले.

रात्री आजीला फोन लावला. समुद्रावर गेले होते एवढंच सांगितलं. तिनं विचारलं पाणी कसं होतं, सोबत कोण होतं, खाल्लंस काय. मग म्हणाली, "आणि ओले कपडे कुठं बदललेस गं? आडोसा होता का तिथं?"

म्हटलं, "आजी, कपडे ओले झालेच नाहीत."

थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाली, "बरं झालं. ओल्यात बसलं की कंबर धरते."