आमची वाटचाल: नकाशावरच्या नावांपासून भाषांच्या नोंदवहीपर्यंत

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र निभावत खेळायचे गोष्टींचे खेळ, बनवणाऱ्यांना त्यांच्या काल्पनिक जगांचे नकाशे काढून देणं हे आमचं पहिलं काम. नद्या, डोंगर, किल्ले काढून व्हायचे आणि गाडी नावांपाशी अडायची. शेजारच्या दोन राज्यांतली गावं निरनिराळ्या भाषांतली वाटायला हवीत आणि एकाच राज्यातली एकमेकांच्या नात्यातली. म्हणून नकाशासोबत आम्ही एक कागद देऊ लागलो: या भाषेत कोणते ध्वनी आहेत, कोणते मुळीच नाहीत, नावाचा शेवट कसा होतो. पुढे लोक नकाशा दुसरीकडून करून घेऊन आमच्याकडे फक्त तो कागद मागू लागले. तिथून आमचा व्यवसाय भाषांचा झाला.

गेम बनवणाऱ्यांकडून येणाऱ्या बहुतेक टिपणांत काल्पनिक वंशागणिक एक भाषा असते: एल्फांची एक, ड्वार्फांची एक आणि सगळ्यांना येणारी एक सामायिक. ही मांडणी जुनीच. १९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोलप्लेइंग गेममध्ये सामायिक भाषा होती, शिवाय सुव्यवस्था, अराजक आणि तटस्थता या पक्षांच्याही आपापल्या भाषा होत्या. खेळायला हे सोपं, पण त्यातून गोष्ट निघत नाही. म्हणून आम्ही आधी विचारतो, ही भाषा सामायिक केली कोणी? व्यापाऱ्यांनी, सैन्याने की धर्मपीठाने? इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात इजिप्तचा दरबार आणि आजच्या तुर्कस्तानातले हित्ती राजे यांच्यात मेसोपोटेमियातल्या अक्कडियन भाषेत पत्रं जात. ती दोघांपैकी कुणाचीच नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली व्यापारासोबत पसरली. याचं उत्तर मिळालं की ती भाषा कोणत्या बंदरात चालेल आणि कोणत्या खिंडीपलीकडे चालणार नाही, तेही कळतं.

मग वंशावळ. मूळ भाषा एक धरायची आणि शाखांना ध्वनिबदलाचे मोजके नियम लावायचे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२मध्ये जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे) भाषांसाठी असे बदल मांडले. 'पितृ'मधल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फादर'चा 'फ' दिसतो तो त्यातलाच. समजा, जुनं नाव 'केपार'. उत्तरेकडच्या शाखेत क चा ह आणि प चा फ होतो: 'हेफार'. किनाऱ्याच्या शाखेत शेवटचा र गळतो: 'केपा'. तीन गावं नकाशावर लांब लांब आहेत, पण एखादा चाणाक्ष खेळाडू ओळखतो की ही एकाच जमातीच्या माणसांची वस्ती होती. त्या क्षणासाठी आम्ही हे काम करतो.

नुसत्या वंशावळीवर मात्र आम्ही थांबत नाही. भाषाशास्त्रज्ञ योहानेस श्मिटने १८७२मध्ये दाखवलं की भाषेतले बदल लाटांसारखे शेजारी पसरतात, नातं लांबचं असलं तरी. म्हणून प्रत्येक गेमसाठी भाषांची जी नोंदवही बनवतो, तिच्यात प्रत्येक दोन भाषांमध्ये कोण कोणाचं किती समजतं, तेही लिहितो: सगळं, अर्धवट, की केवळ सौद्यापुरतं. गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सगळ्यात उपयोगी हाच तक्ता. पहारेकरी अर्धवट समजतो म्हटल्यावर प्रसंग उभा राहतो.

व्याकरण किती हवं? माझं मत ठाम आहे: बहुतेक भाषांना नावांपुरते नियम पुरतात. दोन-तीन भाषांना अभिवादन, शपथ, शिवी, धमकी. पूर्ण व्याकरण फक्त त्या भाषेला, जिच्यातला शिलालेख वाचल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. शब्दसंग्रहासाठी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेशची रोजच्या मूलभूत शंभर शब्दांची यादी भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे; आमची यादी मात्र दरवाजा, कर, ओलीस, कर्ज, विष अशा शब्दांची आहे, कारण टेबलावर तेच लागतात.

लिपीचं काम नंतर आलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, खासगी वापरासाठी ६,४०० जागांचा एक पट्टा आहे, त्यात आम्ही अक्षरं बसवतो. भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकातही क्यूएए ते क्यूटीझेड हा भाग खासगी वापरासाठी ठेवलेला आहे. तेच संकेत वापरले की भाषा वाढल्या तरी फायलींचा गोंधळ होत नाही.

कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, सुरू झालं की खेळाडू स्वतः शब्द पाडतात. त्यासाठी नोंदवहीत वेगळा रकाना असतो: शब्द, कोणत्या पात्राने वापरला, कोणत्या गावात, पुढे रुळला की नाही. गेमच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम हाती घेतलं की आम्ही आधी तो रकाना मागवतो आणि रुळलेले शब्द त्या त्या भाषेच्या नियमांत बसवून घेतो.