रेसिंगचा लेदर सूट निवडताना: माझा अनुभव

ट्रॅकवर सराव करता करता रेसला उतरायचं ठरवलं, आणि बाइकच्या आधी प्रश्न आला तो सूटचा. रस्त्यावरचं जॅकेट-पँट इथे उपयोगाचं नाही. बहुतेक आयोजक वन-पीस सूट मागतात, किंवा टू-पीस असेल तर कंबरेभोवती पूर्ण फिरणारी चेन. घसरताना जॅकेट वर सरकलं तर पाठ आणि पोट थेट डांबरावर येतं. मी वन-पीसच घ्यायचं ठरवलं. रेसच करायची तर कंबरेतल्या जोडाच्या भरवशावर कशाला राहायचं?

चामड्याचा निर्णय लवकर झाला. गायीचं चामडं साधारण 1.2 ते 1.4 मिलिमीटर जाडीचं असतं. कांगारूचं त्याहून पातळ असूनही चिवट, त्यामुळे सूट हलका होतो आणि अंगाला चटकन वळतो. हातात घेतल्यावर मोह होतो, हे खरं. पण सुरुवातीला पडणं ठरलेलंच असतं, आणि झिजायला जाडी असलेली बरी, म्हणून मी गायीचं घेतलं.

खरा वेळ दिला तो शिवणीला. प्रत्येक सूट उलटा करून पाहिला. चामडं कितीही चांगलं असलं तरी शिवण उसवली की सूट तिथेच संपला. खांदा, कोपर, नितंब आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणायची आणि टाक्यांमध्ये फट पडते का बघायचं. फक्त बाहेरून दिसणारा टाका असेल तर तो डांबरावर सगळ्यात आधी घासला जातो. त्याच्या आत लपलेली दुसरी, तिसरी ओळ असेल, तर वरचा दोरा गेला तरी जोड टिकतो. एका देखण्या सूटच्या खांद्यावर बाहेरची एकच ओळ होती. तो मी तिथेच परत ठेवला. ताणणारं कापड कुठे लावलंय हेही तपासलं. काखेत, हाताच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, जांघेत ते हवंच, नाहीतर हालचाल होत नाही. पण आपण ज्या भागावर आपटतो आणि घसरतो, तिथे चामडंच पाहिजे.

लेबल वाचायची सवय मात्र लावून घ्या. बाइकस्वारांच्या संरक्षक कपड्यांसाठीच्या ईएन 17092 या युरोपीय मानकात AAA हा सर्वात वरचा वर्ग. पॅडवर वेगळा शिक्का असतो: हातापायांसाठी ईएन 1621-1, पाठीसाठी ईएन 1621-2. त्यात लेव्हल 1 आणि लेव्हल 2 असतात. चाचणीत पाठीच्या लेव्हल 1 पॅडमधून सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत धक्का पार गेला तरी चालतो, लेव्हल 2 मध्ये मर्यादा 9. म्हणजे थेट निम्मा. आणि पाठीच्या खिशात हात घालून बघाच. बऱ्याच सूटमध्ये तिथे नुसता फोमचा तुकडा असतो, किंवा खिसा रिकामाच असतो. मी लेव्हल 2 चं पाठीचं पॅड वेगळं घेतलं.

मग माप. रेसिंग सूट वाकलेल्या शरीरासाठी कापलेला असतो. उभं राहिलं की तो खांदे पुढे ओढतो आणि आरशात चुकीचाच वाटतो. म्हणून स्टँडवर लावलेली बाइक मागितली आणि प्रत्येक सूट हेल्मेट, बूट, हातमोजे घालून तिच्यावर बसून पाहिला. छाती टाकीला टेकवायची, कोपर खाली सोडायचं, एक गुडघा बाहेर काढायचा आणि मान वर करून लांब पुढे बघायचं. एका सूटमध्ये मान वर केली की हेल्मेटची मागची कड हंपला, म्हणजे सूटच्या पाठीवरच्या उंचवट्याला, अडत होती. त्या सूटमध्ये वळणाच्या पुढचं दिसलंच नसतं. कोपराचं पॅड मुठीत धरून पिळून बघायचं. ते हाडावरून बाजूला फिरत असेल तर पडताना ते तिथे नसणार. घेराला घट्ट असलेला सूट वापराने थोडा सैल होतो. पण धड लांबीला आखूड असेल, खांदा आणि जांघेत एकाच वेळी ओढत असेल, तर तो कधीच बसत नाही.

एअरबॅग, म्हणजे पडताना अंगाभोवती फुगणारी पिशवी, नंतर घालणार असाल तरी जागा आत्ताच बघा. मोटोजीपीमध्ये, म्हणजे बाइक रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, 2018 पासून ती सक्तीची आहे, आणि गळ्याची हाडं, खांदे, बरगड्या यांना तिच्याइतका आधार दुसरं काही देत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती फुगते तेव्हा आत जागा लागते, म्हणून मी शेवटचे दोन सूट एअरबॅगचं जाकीट आत घालूनच तपासले. एकात नुसता श्वास घेतानाही छातीवर दाब येत होता. दुसरा घेतला. त्याच्या गुडघ्याचं पॅड बसल्यावर नडगीकडे उतरत होतं, तेवढा आतला खिसा वर शिवून घेतला. मग पुन्हा बाइकवर बसून गुडघा बाहेर काढला. पॅड वाटीवर नीट राहिलं, तेव्हाच सूट ताब्यात घेतला.