आधी रंग की आधी फेल्ट? दख्खनी लोकरीचं भिंतचित्र करताना

फेल्ट, म्हणजे साबणपाण्यात चोळून घट्ट जमवलेलं लोकरीचं कापड, आणि वनस्पतींचे रंग एकत्र वापरायचे म्हटलं की पहिला प्रश्न क्रमाचा येतो. सुटी लोकर आधी रंगवली तर रंगाच्या पातेल्यातच तिच्या गाठी होतात, पुढे ती पिंजायला जीव जातो. पूर्ण घट्ट फेल्ट करून मग रंगवावं, तर रंग आतपर्यंत पोचत नाही. कापलेल्या कडेला मधली पांढरी रेघ दिसते. शिवाय एका तुकड्यावर चार रंग आणता येत नाहीत. मी मधला मार्ग धरते. पांढऱ्या लोकरीचं अर्धं फेल्ट करायचं, ते रंगवायचं, त्यातून आकार कापायचे आणि काळ्या लोकरीच्या थरावर ठेवून सगळं एकत्र घट्ट करायचं. किरगिझ लोकांच्या ‘आला-कियिझ’ या फेल्टच्या गालिच्यातही नक्षी अशीच खालच्या थरात दाबून बसवतात. त्यांचं हे काम आणि ‘शिर्दाक’ हे फेल्टचे तुकडे शिवून केलेले गालिचे दोन्ही 2012 साली युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत गेले.

खालच्या थराला मी दख्खनी मेंढीची काळी-तपकिरी लोकर घेते. ती जाड, केसाळ, टोचरी असते. घोंगडी तिचीच होते, आणि आपल्याकडे ‘जेन’ नावाचं जे जाड फेल्ट करायचे तेही तिचंच. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मिळाली तर फेल्ट लवकर धरतं. धुताना पाणी 55–60 अंशांचं, साबण बेताचा, आणि लोकर फक्त बुडवून ठेवायची. चोळलं की ती तिथेच जमते. एक किलो कच्च्या लोकरीतून धूळ, काटे, मेणचटपणा गेल्यावर माझ्याकडे साधारण 700 ते 800 ग्रॅम उरते. वरच्या रंगीत भागासाठी मात्र पांढरी मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर. काळ्या लोकरीवर रंग दिसतच नाही, हे सांगायला नको.

तयार तुकडा 60 × 90 सेंमी हवा असेल तर मांडणी 92 × 138 सेंमीची लागते, कारण माझी मिश्र लोकर सुमारे 35 टक्के आटते. हा आकडा तुमच्या लोकरीला लागू होईलच असं नाही. 20 सेंमीचा चौकोनी नमुना करून बघा. तो 13 सेंमीवर घट्ट झाला तर हेच माप चालेल. नमुन्याचा कंटाळा केला की मोठा तुकडा बिघडतो.

अर्ध्या फेल्टसाठी 50 × 70 सेंमीचे चार पत्रे, प्रत्येकी 45 ग्रॅम मेरिनोचे. लोकरीचे दोन पातळ थर आडवे-उभे, त्यावर मच्छरदाणीचं कापड, 40 अंशांचं साबणपाणी, आणि हाताने आठ-दहा मिनिटं हलकं चोळणं. चिमटीत धरून उचलल्यावर एकेक तंतू सुटा न येता सगळा पत्रा उचलला जायला लागला की थांबायचं. मग साबण पूर्ण काढायचा. आत राहिलेला साबण तुरटीचं काम बिघडवतो आणि रंग डागाडागांनी चढतो.

आता रंग लोकरीला पक्का धरावा म्हणून तुरटी. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या 12 टक्के तुरटी आणि 6 टक्के क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड). म्हणजे 180 ग्रॅमला 22 आणि 11 ग्रॅम, पाणी 6 लिटर. तुरटी पांढरी, स्वच्छ घ्या. लालसर तुरटीत लोह असतं आणि पिवळा रंग मळकट येतो. ओले पत्रे कोमट पाण्यात सोडून पाऊण तासात तापमान 80–85 अंशांवर न्यायचं, तिथे तासभर ठेवायचं, आणि रात्रभर त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचं. ढवळायचं नाही, कालथ्याने पत्रा हळूच वर-खाली केला की पुरे. गरम पत्रा थंड पाण्यात टाकला तर तो इथेच पूर्ण आटतो आणि पुढे खालच्या थराला चिकटत नाही. क्रीम ऑफ टार्टरऐवजी चिंचेचा कोळ चालतो, पण त्याचा आंबटपणा दर वेळी वेगळा आणि पांढऱ्यावर तपकिरी छटा येते. पातेली स्टीलची, आणि ती पुन्हा स्वयंपाकाला नाहीत.

दोन पत्रे मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या वेलीच्या मुळांत. 90 ग्रॅम लोकरीला 90 ग्रॅम मंजिष्ठा, भरड कुटून सुती पुरचुंडीत. रात्रभर गार पाण्यात भिजवून ते पहिलं पिवळट-तपकिरी पाणी मी टाकून देते. नंतर 60–65 अंशांवर दीड तास. सगळी गंमत या तापमानात आहे. 70 च्या वर गेलं की मुळातली तपकिरी द्रव्यं सुटतात आणि लालाचा विटकरी होतो. थर्मामीटरशिवाय मंजिष्ठा लावू नका, ‘हाताला चटका बसेल इतकं’ हे माप नाही. पाण्याचाही हात असतो. मंजिष्ठेला कॅल्शियम लागतं, त्यामुळे जड बोअरच्या पाण्यात ती खुलते आणि मुंबईच्या तलावाच्या मऊ पाण्यात फिकी, केशरी राहते. मऊ पाण्यात चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाकावं. शाळेचा खडू नव्हे. तो बहुतेकदा जिप्समचा असतो. आपली मंजिष्ठा तिच्याच जातकुळीतल्या युरोपातल्या मॅडरइतकी गडद लाल देत नाही, पोवळ्याकडे झुकते. ती छटा काळ्यावर जास्त चांगली दिसते, असं माझं मत.

तिसरा पत्रा झेंडूत. दसरा-दिवाळीची तोरणं उतरली की पाकळ्या सावलीत वाळवून ठेवायच्या. हिरवा देठ काढायचा, नाहीतर पिवळा मंदावतो. लोकरीइतक्याच वजनाच्या वाळक्या पाकळ्या, 80 अंश, पाऊण तास. चौथा डाळिंबाच्या वाळक्या सालीत, 23 ग्रॅम. नंतर वेगळ्या पातेल्यात हिराकस (लोहाचा क्षार) घालून दहा मिनिटं, की पिवळ्याचा करडा-हिरवट होतो. हिराकस 2 टक्के, म्हणजे 45 ग्रॅमला फक्त 0.9 ग्रॅम. चमच्याने अंदाज नको, सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा हवा. जास्त झालं की लोकर खरखरीत होते आणि काही काळाने तुटते. हळद मी वापरत नाही. दिसायला झकास, पण उजेडात फार लवकर उडते.

निळा हवा असेल तर आणखी एक पत्रा निळीच्या कुंडात, म्हणजे नीळ विरघळवलेल्या भांड्यात. चुना जास्त असलेलं कुंड सुतासाठी ठीक, लोकरीला कडक पडतं. अर्ध्या फेल्टच्या पोटात हवा भरलेली असते, ती कुंडात गेली की कुंड बिघडतं. म्हणून पत्रा आधी पूर्ण भिजवून, पिळून मगच बुडवायचा.

मांडणीत काळी लोकर 350 ग्रॅम, चार थरांत, एकावर एक आडवे-उभे. प्रत्येक थर वेगळा वजन करून ठेवते, साधारण 88 ग्रॅम. डोळ्यांवर भरवसा ठेवला की मधे हमखास पातळ जागा राहते. रंगीत आकार कात्रीने कापले तर कड धारदार, हाताने फाडले तर धुरकट. अर्ध्या फेल्टचे तंतू आधीच एकमेकांत अडकलेले असल्याने ते खाली धरायला वेळ घेतात. खालची बाजू तारेच्या ब्रशने खरवडायची आणि मधे काळ्या लोकरीचा विरळ पापुद्रा ठेवायचा. उलटी अडचणही आहे: काळे केस वर घुसून पिवळा मळका करतात. पत्रा फार विरळ असला की हे जास्त होतं, म्हणून 45 ग्रॅमच्या खाली जायचं नाही.

वर जाळी, 45 अंशांचं साबणपाणी, दाबून हवा काढणं, मग चटईत गुंडाळून लाटणं. चारही बाजूंनी शंभर-शंभर वेळा, दर शंभरानंतर उघडून बघत. पहिल्या फेरीनंतर सरकलेले आकार नीट करता येतात, तिसऱ्यानंतर नाही. साबण फार झाला की तंतू तरंगतात आणि एकमेकांत अडकतच नाहीत. फेस बोटांच्या मधे भरून येत असेल तर पाणी पिळून काढा.

साबण अल्कलीयुक्त, त्यामुळे इथे मंजिष्ठा जांभळट आणि झेंडू नारिंगी व्हायला लागतो. आधीच एका कातरणावर साबणाचा थेंब टाकून बघावं. रिठ्याच्या पाण्यात रंग कमी हलतात, पण लाटायला निम्मा वेळ जास्त लागतो. झेंडूचं प्रमाण जास्त असेल तर मी रिठाच वापरते. शेवटी 55–60 अंशांचं पाणी, आपटणं, आणि 60 × 90 भरताच थांबणं. नंतर स्वच्छ पाण्यात धुऊन 5 लिटरला दोन चमचे व्हिनेगर. त्याने बदललेली छटा बरीचशी परत येते.

सपाट, सावलीत वाळवायचं. टांगायला मागे पूर्ण रुंदीची कापडी नळी शिवून त्यात काठी घालते, कारण दोन कोपऱ्यांवर टांगलेलं फेल्ट मधे झोळ धरतं. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळते. आणि कसर लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी उतरवून मागची बाजू झटकते. कसर नेहमी भिंतीकडच्या अंधाऱ्या बाजूने लागते.